निम्मी भरलेली उशी

पिंजारी माणसाला पाखरांचं वेड आहे असं कुणाला सांगितलं, की समोरचा हटकून विचारायचा, "पिसांसाठी का?" कासमभाईंना हा प्रश्न विचारलेला मी स्वतः दहा वेळा तरी ऐकला असेल. ते चिडत नसत. "व्हय," म्हणत, "पिसांसाठीच. पण ती पाखराच्या अंगावर असतानी."

पुढं याच पिसांपायी एक भरलेला तलाव रिकामा व्हायची वेळ आली. ती वेळ दुसऱ्या कुणी नाही, खुद्द कासमभाईंनीच आणली आणि त्यांनाच ती निस्तरावी लागली. ते मला सांगायचं आहे. पण त्याआधी माणूस कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर ती गोष्ट खरी वाटणार नाही.

मी पुसेगावकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कागदावर अंगठ्याशिवाय दुसरं काही उमटवलं नव्हतं. हिंगोलीत शिकलो, हैद्राबादेत बी. ए. झालो आणि परत हिंगोलीलाच सरकारी शाळेत मास्तर म्हणून लागलो. तो निजामाचा अंमल होता, शिकवणं उर्दूतून, विषय भूगोल. बी. ए. झालेल्या माणसाला सगळं ठाऊक असतं अशी आमच्या भागात समजूत होती आणि मलाही ती थोडीफार पटली होती. कासमभाईंनी ती घालवली. माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत अशा माणसांची यादी केली, तर प्रोफेसरांच्या बरोबरीनं मी हा निरक्षर पिंजारी लिहीन.

हिंगोलीपासून अडीच कोसांवर एक जुना तलाव होता. एका अंगाला दगडी पाळ, पाळीखाली देशमुखांचं गाव, दुसऱ्या अंगाला पळसाचं आणि सावरीचं रान. पाणी जिथं उथळ होत जाई तिथं लव्हाळं आणि पाण्यात उभ्या असलेल्या बाभळी. शाळेला सुट्टी शुक्रवारची. दसरा झाल्यावरच्या एका शुक्रवारी मी नवा पांढरा कोट घालून त्या पाळीवर फिरायला गेलो. पाण्यावर बदकं आहेत असं कुणीतरी सांगितलं होतं. मी पाळीवर चढलो आणि शे-दोनशे बदकं एकदम उठून गेली. एवढ्यात बाभळीखालून आवाज आला.

"मास्तर, तुमी बघायला आलात का दिसायला?"

खाली एक किडकिडीत माणूस बसला होता. दाढीत, भुवयांत, कानांच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले. शेजारी जमिनीवर आडवी ठेवलेली पिंजायची लांब कमान, तिची तात सैल सोडलेली. मी ओशाळून खाली उतरलो. त्यांनी माझ्या कोटाकडं पाहिलं, स्वतःच्या खांद्यावरची मातकट रजई काढली आणि मला पांघरली. "आता बसा. तासभर हलायचं न्हाई. ढेकूळ व्हा."

मी ढेकूळ झालो. अर्ध्या तासानं बदकं परत आली. ती पाण्यावर उतरताना पाय पुढं करून कशी घसरत येतात ते मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मी काही बोलणार एवढ्यात कासमभाईंनी माझा खांदा दाबला. पुढच्या नऊ-दहा वर्षांत तो खांदा त्यांनी किती वेळा दाबला असेल, त्याची मोजदाद नाही.

पिंजाऱ्याचा धंदा दसऱ्यानंतर जोरात असतो. थंडीच्या आत सगळ्यांना गाद्या, रजया, उशा उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरून हव्या असतात. कासमभाई कमान खांद्यावर टाकून हिंगोलीहून निघत. एका फेरीत हट्ट्यापर्यंत, दुसऱ्या फेरीत पुसेगावकडं. आणि नेमक्या त्याच दिवसांत उत्तरेकडून पाखरं उतरत. धंद्याची वाट आणि पाखरांची वाट एकच. वाटेतला एकही तलाव, एकही डोह ते बघितल्याशिवाय सोडत नसत. त्यामुळं गावोगाव त्यांची वाट दोन कारणांनी बघितली जाई. बाया गाद्या घेऊन येत आणि म्हातारे विचारत, "कासमभाई, तिकडं करकोचे आले का? आमचा हरभरा अजून लहान हाय."

"परवा हट्ट्याला व्हते. तुमच्याकडं यायला चार दिवस लागतील. तोवर राखण लावा."

हे बरोबर निघायचं. 

त्यांची मोजायची तऱ्हा मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. लिहिता येत नव्हतं आणि वीसच्या पुढं आकडे घसरत. म्हणून वीस पाखरं मोजून झाली की झोळीतून कापसाचं एक बोटभर पुंजकं काढायचं आणि बाभळीच्या काट्याला टोचायचं. एक पुंजकं म्हणजे एक कोडी. बदकांची बाभूळ वेगळी, करकोच्यांची वेगळी. थंडी भरात आली की पाळीवरून पाहताना बिनमोसमाची बाभूळ पांढरी फुललेली दिसे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, पिंजाऱ्याच्या झोळीला भोक पडलं असावं.

नावंही त्यांनीच ठेवलेली. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला चांदवा सगळ्यांच्या ओळखीचा होता. पण नारिंगी रंगाची मोठी बदकं नेहमी जोडीनं असत म्हणून ती 'मियांबीवी'. लांब लाल पायांचा शेकाट्या चिखलात तोलून तोलून पाय टाकी म्हणून तो 'नवा जावई'. आणि सगळ्यांत शेवटी, कडाक्याची थंडी पडल्यावर येणारे मोठे करडे हंस. त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असत. कासमभाई त्यांना 'पट्टेवाले' म्हणत. ते आले की कासमभाईंचं साल साजरं होई. नमाज पढून आलेल्या माणसाच्या तोंडावर जो निवांतपणा असतो, तसा तो दिवसभर त्यांच्या तोंडावर राही.

एकदा मी त्यांना माझी विद्या सांगितली. म्हटलं, हे हंस हिमालयाच्या पलीकडून येतात, तिबेटातून. नकाशा काढून दाखवला मातीत.

त्यांनी मातीतल्या रेघोट्यांकडं पाहिलं. "तुमी गेले व्हते का तिकडं?"

"नाही. पुस्तकात आहे."

"असंल. पुस्तकात खोटं काहून लिहितील?" मग झोळीच्या कप्प्यातून त्यांनी पट्टेवाल्याचं गळून पडलेलं छातीचं पीस काढलं. बोटभर लांब, करडं, बुडाशी नुसता धूर. "हे बघा. वरून अभ्रा, आतून अस्तर. अन् अस्तराची भरण बघा. तीनदा पिंजला तरी माझा कापूस असा उमलत न्हाई. एवढी रजई गरम मुलखात कुणी भरतं का? हे पाखरू लई थंड गावचं हाय, येवढं मला कळतं. गावाचं नाव तुमी म्हणता ते असंल."

मी त्या दिवशी मातीतला नकाशा पायानं पुसला. माझ्याकडं गावाचं नाव होतं आणि त्यांच्याकडं पुरावा होता.

त्यांची आणखी एक खोड. तलावापासून हाकेच्या अंतरावर आले की कमानीची तात सैल सोडायची. तातीवर लाकडी ठोकळा बसला की जो टणत्कार निघतो, त्यानं पाण्यावरची पाखरं उठतात. म्हणून देशमुखांच्या गावात ते पाळीजवळच्या घरांचं काम गावाच्या दुसऱ्या टोकाला, मारुतीच्या पलीकडं बसून करत. बायांना गाद्या डोक्यावर घेऊन तेवढं चालावं लागे. देशमुखांच्या आई, ज्यांना सारा गाव आईसाहेब म्हणे, त्या एकदा माझ्यादेखत म्हणाल्या, "कासम्या, माझ्या वाड्यातल्या गाद्या गावाबाहेर नेऊन पिंजतोस. तुझ्या पाखरांची बाळंतपणं चाललीत का तिथं?"

"न्हाई आईसाहेब. बाळंतपणं ते माहेराला करतात. इथं नुसते आराम करायला येतात."

"मग मी पण पुढच्या साली पाखरूच होते," आईसाहेब म्हणाल्या. 

आता देशमुखांविषयी. आप्पासाहेब देशमुख म्हणजे त्या गावचे धनी. तलावाच्या पाळीला लागून त्यांचा वाडा, आणि कासमभाईंचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक तेच. दरसाल बारा गाद्या, चोवीस उशा आणि रजया वेगळ्या. त्या एका घरच्या कामावर कासमभाईंच्या घरची थंडी निघे. माणूस मनानं वाईट नव्हता, पण झोप नसलेला होता. मानेत कळ, डोकं जड, आणि म्हणून सकाळपासून आवाज चढलेला. वैद्य झाले, हकीम झाले. कुणीतरी हैद्राबादेत त्यांना सांगितलं, की बडे लोक पिसांच्या उशीवर झोपतात आणि त्यांना मानेची तकलीफ म्हणून कधी होत नाही.

हे आप्पासाहेबांच्या डोक्यात असतानाच त्या साली कासमभाई वाड्यावर गेले. नव्या गाद्यांचा कापूस दाखवायचा होता. आप्पासाहेबांनी मूठभर कापूस दाबून पाहिला आणि म्हणाले, "कासम, याहून मऊ काही असतं का रे जगात?"

दुसरा कुणी असता तर "न्हाई सरकार, हाच सगळ्यात मऊ" असं म्हणून मोकळा झाला असता. पण कासमभाईंना कापसाबद्दल खोटं बोलता येत नसे, आणि पाखरांबद्दल गप्प राहता येत नसे. त्यांनी कप्प्यातलं ते पीस काढलं आणि आप्पासाहेबांच्या तळहातावर ठेवलं. पट्टेवाल्याच्या छातीची भरण कशी असते, ती दाबली तरी कशी परत उमलते, पाणी तिच्यात कसं शिरत नाही, हे सगळं अगदी रंगात येऊन सांगितलं. 

आप्पासाहेबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "एका उशीला किती पाखरं लागतील?"

कासमभाईंनी मला हे त्याच दिवशी बाभळीखाली बसून सांगितलं. "मास्तर, माझ्या तोंडात कापूस कोंबायला पाहिजे व्हता कुणीतरी. मी म्हणलो, सरकार, मी नुसती तारीफ करून राहिलो व्हतो. तर ते म्हणले, तारीफ झाली, आता उशी कर."

बेत ठरला. पुढच्या शुक्रवारी आप्पासाहेबांचा पुतण्या दिगंबर दुनळी बंदूक आणि चार माणसं घेऊन तलावावर जाणार. पट्टेवाले सकाळ-संध्याकाळ हरभऱ्यात चरतात आणि दुपारी पाण्यावर विसावतात, ते नेमके कुठं विसावतात ते कासमभाईंनी दाखवायचं. पिसं सोलायला माणसं, न्यायला दोन गाड्या. त्या साली बाभळीवर पट्टेवाल्यांची नऊ पुंजकी टोचलेली होती. पहिल्याच दोन बारांत कित्येक गळाले असते आणि उरलेले पुन्हा त्या पाण्यावर उतरले नसते. कासमभाई एकदा म्हणाले होते, की एका डोहावर बार झाले आणि तिथं पुढं चार साल एकही पट्टेवाला आला नाही.

"नाही म्हणा," मी म्हटलं.

"म्हणतो की. मग बारा गाद्या तुमच्या शाळेच्या भरू का?" ते हसले, पण नेहमीसारखं नाही. "अन् मी न्हाई दाखवलं तरी दिगंबर शोधून काढंलच. एवढे मोठे पाखरं कुठं लपणार? मला दुसरंच काही करायला पाहिजे. सात दिवस हायेत."

त्या सात दिवसांत ते फेरीवर गेले नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बीबी हमीदाबी दारातच म्हणाल्या, "अंदर मत आओ मास्तर, छींक आयेगी." आत कासमभाई दारं-खिडक्या लावून बसले होते आणि हवेत काहीतरी तरंगत होतं. तो सावरीचा कापूस होता. चैत्रात सावरीची बोंडं फुटतात तेव्हा रानातून गोळा करून त्यांनी तो मडक्यात भरून ठेवला होता. पिंजाऱ्यांत सावरीला मान नाही. तिचा धागा होत नाही, कमान लावली तर ती उडून जाते. कासमभाई ती नुसत्या बोटांनी मोकळी करत होते. एकेक पुंजकं नाकाशी धरून, श्वास रोखून.

"पीस म्हणून देणार?" मी विचारलं.

"तोबा. खोटी उशी भरली तर माझी मान मोडंल."

शुक्रवार आला. दुपारची नमाज आटोपून कासमभाई वाड्यावर आले. मी आधीच जाऊन बसलो होतो. अंगणात दोन गाड्या जुंपून उभ्या, बैलांच्या गळ्यांत घुंगुरमाळा, दिगंबर बूट घालून येरझाऱ्या घालतोय. आप्पासाहेब ओसरीवरच्या बाजेवर बसले होते, डोळे लाल. कासमभाईंनी फडक्यातून एक उशी काढून पुढं ठेवली. ती अशी काही मरगळलेली होती, की दिगंबर मोठ्यानं हसला.

"ही काय उपाशी ठेवली का रे?"

"सरकार," कासमभाई आप्पासाहेबांना म्हणाले, "यात पीस न्हाई. आधीच सांगतो. पण आधी डोकं ठेवून बघा. न्हाई पसंत पडली, तर मी स्वतः पाण्यात उतरून पट्टेवाले दाखवतो."

आप्पासाहेबांनी उशी हातात घेतली, हलवली. "पीस नाही तर नाही, भरलीसुद्धा निम्मीच. मला काय बावळट समजलास?"

"बावळट मी हाय सरकार. डोकं ठेवा, मग जोडे मारा."

एवढ्या माणसांसमोर कासमभाईंचा खोटेपणा उघडा करायचा म्हणूनच बहुधा, आप्पासाहेब आडवे झाले. "दिगंबर, बैल सोडू नकोस. घटकाभरात निघायचंय." त्यांनी डोळे मिटले. मान इकडं केली, तिकडं केली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि ते तोंड तसंच उघडं राहिलं. त्यातून पहिलं घोरणं ऐकू आलं.

दिगंबर पुढं झाला आणि म्हणाला, "काका." 

आतून आईसाहेब बाहेर आल्या. मुलाकडं पाहिलं, पदर तोंडाला लावला, आणि मग हळू पण असा आवाज काढला की दिगंबर जागच्या जागी थांबला. "जो कुणी याला उठवील, तो या घरात जेवणार नाही."

"आजी, ऊन कलतंय. मग पाखरं चरायला निघून जातात."

"जाऊ देत. ती रोजच जातात. हा माझा लेक किती महिन्यांनी झोपलाय."

त्यांनी गड्यांकडून बैलांच्या गळ्यांतल्या घुंगुरमाळा काढवल्या. दळण थांबवलं. आडाच्या रहाटावर माणूस बसवला. कोंबड्या कोंडल्या. सगळा वाडा चवड्यांवर चालू लागला. जुंपलेले बैल रवंथ करत उभे, गाडीत चार माणसं मांडीवर पोती घेऊन बसलेली, बंदूक खांबाला टेकलेली, आणि मधोमध आप्पासाहेब तोंड उघडं टाकून झोपलेले. कासमभाई कोपऱ्यात उकिडवे बसले होते. आप्पासाहेबांच्या छातीकडं ते ज्या नजरेनं पाहत होते ती नजर माझ्या ओळखीची होती. मी पाय मोकळे करायला उठू लागलो, तसा माझा खांदा दाबला गेला.

"हलू नका मास्तर," ते कुजबुजले. "उडून जाईल."

मला हसू आवरेना. मी उपरण्याचा बोळा तोंडात धरला.

चार वाजले, पाच वाजले. पळसाच्या रानामागं ऊन उतरलं. तलावाकडून एकदम कलकलाट आला. पट्टेवाले उठले होते. रांगा करत, एकमेकांना हाका देत ते वाड्यावरूनच हरभऱ्याच्या रानाकडं गेले, इतके खालून की पंखांची सळसळ ऐकू आली. दिगंबर मान वर करून पाहत राहिला. त्याचा हात बंदुकीकडं गेला. त्यानं एकदा आजीकडं पाहिलं आणि हात मागं घेतला. मग तो अंगणातच खाली बसला आणि एक बूट काढला.

त्या हाकांनीच आप्पासाहेब जागे झाले. उठून बसले. मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली. सगळे त्यांच्याकडं पाहत होते.

"काय वाजलं?"

"दिवस गेला," आईसाहेब म्हणाल्या.

आप्पासाहेबांनी उशी उचलून पुन्हा दाबून पाहिली. "कासम, खरंच पीस नाही यात?"

"न्हाई सरकार. सावरीचा कापूस हाय. अन् खरं सांगू का, सावरीचंही काम निम्मंच. बाकीचं काम रिकाम्या जागेचं." कासमभाई उठून उभे राहिले. पुढचं बोलताना त्यांनी मान खाली घातली. "तुमी दर साली सांगायचे, उशी दाबून भर, माल कमी घालू नको. मी दाबून भरायचो. दगड व्हायची ती. मला ठाव व्हतं. पण मोठं घर, काम जाईल म्हणून बोललो न्हाई. तुमची मान मीच अवघडवली, बारा साल. पाखरांचा काही दोष न्हाई त्यात."

अंगणातल्या सगळ्यांना वाटलं, आता जोडा निघणार. आप्पासाहेबांनी मान पुन्हा एकदा फिरवून पाहिली, जणू काही ती दुसऱ्या कुणाची आहे.

"दिगंबर, बैल सोड," ते म्हणाले. "आणि कासम, घरातल्या चोवीसही उशा उद्या उसवायला घे. सगळ्यांतला निम्मा कापूस काढ. पण त्याची मला वेगळी गादी भरून पाहिजे. तो घरी न्यायचा नाही."

"न्हाई सरकार," कासमभाई म्हणाले आणि फडक्याची घडी घालू लागले.

तलावाचं पुढं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. आप्पासाहेबांना रोज दुपारी झोपायची सवय लागली, आणि बाज पाळीच्या बाजूला. दुसऱ्याच आठवड्यात दिगंबरनं बदकांवर एक बार टाकला आणि काका दचकून उठले. त्या दिवसापासून तलावावर बंदूक बंद. पाखरांवर दया म्हणून नाही, झोपमोड होते म्हणून. तहसीलचे अंमलदार शिकारीला यायचे म्हणाले, तर आप्पासाहेबांनी त्यांना दुसऱ्या तलावाचा रस्ता दाखवला आणि वर जेवणाचा डबा दिला. कासमभाई म्हणत, "मास्तर, मी आयुष्यभर लोकांना सांगत फिरलो, पाखरं मारू नका, लई दुरून येतात. कुणी ऐकलं? आन् एक माणूस बरा झोपला, तर सगळ्यांना ऐकू आलं."

मग पट्टेवाल्यांच्या हाकांनी आपण का उठलो, याचं आप्पासाहेबांना कुतूहल वाटू लागलं. एका शुक्रवारी ते पाळीखाली येऊन दाखल झाले. पायांत करकरणारा जोडा, मागं हुक्का घेतलेला गडी. कासमभाईंनी गडी परत पाठवला, जोडा काढायला लावला आणि अडीचशे एकर जमिनीच्या मालकाला रजईखाली ढेकूळ केलं. पहिल्या दिवशी आप्पासाहेब तीनदा खोकले. तिसऱ्या खोकल्याला सगळी बदकं गेली. कासमभाई म्हणाले, "सरकार, खोकला घरी ठेवून यायचा." गावात असं दुसरं कुणी बोललं असतं तर गाव सोडावं लागलं असतं. आप्पासाहेब पुढच्या वेळी तोंडात खडीसाखर धरून आले.

अशी काही वर्षं गेली. मग अठ्ठेचाळीसचा भाद्रपद आला आणि आमचा सगळा मुलूख हलला. निजामाचा अंमल गेला. आनंद होता आणि भीतीही होती, एकाच गल्लीत दोन्ही. माणसं घराबाहेर पडेनात. पिंजाऱ्यांच्या आळीत दिवसासुद्धा दारं लावलेली असत. दसरा गेला, दिवाळी गेली. त्या साली हिंगोलीत कुठंही तातीचा आवाज ऐकू आला नाही. शाळा उर्दूतून मराठीत आली आणि माझी बदली दूरच्या गावी झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी कासमभाईंचा निरोप घ्यायला गेलो. दार बराच वेळ वाजवलं तेव्हा हमीदाबींनी फट उघडली.

"कासमभाई?"

"गये." 

मी काय समजलो ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण त्यांनी दार आणखी उघडलं आणि त्या पहिल्यांदा हसल्या. "तालाब पे गये. सुबह देशमुखसाब खुद आये गाडी लेके. बोले, पट्टेवाले आये, हमसे गिनती नहीं होती."

मी तसाच अडीच कोस चालत निघालो. रस्त्यावर नेहमीची वर्दळ नव्हती. पाळीच्या अलीकडं आप्पासाहेबांची गाडी सोडून ठेवलेली होती. बैल झाडाखाली बसले होते. मी वाकून पुढं गेलो आणि लव्हाळ्याच्या आडून पाहिलं. पाण्याच्या कडेला एकाच रजईखाली दोन ढेकळं होती. एक किडकिडीत, एक रुंद. समोर पाण्यावर पट्टेवाले, करडे, निवांत, काही पाठीत चोच खुपसून झोपलेले. वारा माझ्याकडं होता, त्यामुळं बोलणं ऐकू येत होतं.

"कासम, हे गेल्या सालचेच का रे?"

"विचारून येऊ का सरकार?"

"मी तेवीस मोजले."

"त्या मागच्यानं मान खाली घातली तर तुमी त्याला सोडलाच. एक कोडी आन् चार. पुन्हा मोजा. आन् डोकं खाली."

रुंद ढेकूळ थोडं खाली झालं.

आणखी दहा पावलं गेलो असतो तर माझा निरोप घेऊन झाला असता. पण त्या दहा पावलांत सगळे पट्टेवाले उठले असते, आणि त्या दोघांना पहिल्यापासून मोजावं लागलं असतं. मी मागं फिरलो. पाळ ओलांडून रस्त्याला लागलो तरी कितीतरी वेळ वाकूनच चालत होतो.